पुरावा आणि बाबांचा मोबाइल

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याची जागा अर्जुन खोतकर यांनी २९६ मतांनी जिंकली. प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल उच्च न्यायालयात गेले. खोतकरांचा उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनच्या मुदतीनंतर घेतला गेला, असे त्यांचे म्हणणे. पुरावा कोणता? तर निवडणूक कचेरीतले सरकारीच चित्रीकरण! पण चित्रीकरणाची प्रत ग्राह्य धरायची, तर त्या यंत्राच्या जबाबदार माणसाचे प्रमाणपत्र लागते. आणि वारंवार मागूनही अधिकारी ते देईनात. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने खोतकरांची निवड रद्द केली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. प्रमाणपत्र आवश्यकच, पण सर्व खटपट करूनही ज्याला ते मिळाले नाही, त्याच्याकडून कायदा अशक्य गोष्ट मागत नाही, असे न्यायालय म्हणाले.

या शास्त्राला मराठीत संगणकीय न्यायवैद्यक म्हणतात. आम्हा कलाशाखेच्या मुलांना वाटावे, कोणी वैद्य संगणकाची नाडी पाहत असेल! काम थोडेफार तसेच आहे म्हणा. तज्ज्ञ मूळ माहितीत ढवळाढवळ करीत नाही. तिची तंतोतंत प्रत काढतो आणि तिचा ‘हॅश’ नावाचा आकडा नोंदवतो. एक अक्षर बदलले, तरी सारा आकडा बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील प्रमाणपत्रात हा आकडा द्यावा लागतो, आणि तज्ज्ञाची सहीही लागते.

इथेच माझे मन अडखळते. गेल्या साली एका व्यापाऱ्याने आमचा कापूस नेला, चुकाऱ्याचा वायदा फोनवर केला आणि पुढे कानावर हात ठेवले. ते बोलणे बाबांच्या मोबाइलमध्ये नोंदले गेले आहे. वकील म्हणाले, “प्रमाणपत्र आणा.” चौथी शिकलेल्या माणसाने तज्ज्ञ कुठून आणावा?

जालन्याचा निकाल मी त्यासाठीच वाचला. त्यात आणखी एक गोष्ट आहे. मूळ यंत्राचा मालक स्वतः साक्षीला उभा राहिला, यंत्र आपलेच आहे आणि माहिती प्रथम त्यातच साठवली गेली हे त्याने सिद्ध केले, तर प्रमाणपत्र लागत नाही. निकाल जुन्या कायद्यावरचा आहे, नव्या कायद्याखाली तो मांडावा लागेल, असे वकिलांचे म्हणणे. बाबांनी मात्र एवढेच विचारले, “म्हंजे कोर्टात मीच बोलाचं ना?”

काच तडकलेला तो फोन दुकानदार जुन्याच्या बदल्यात नव्यासाठी मागत होता. बाबांनी दिला नाही. बंद करून त्यांनी तो सातबाऱ्याच्या उताऱ्याजवळ पेटीत ठेवला आहे.