गाडीची आंघोळ

आम्ही इंजिनिअर. पदवी मेकॅनिकलची, पण पोटापाण्याचा उद्योग सॉफ्टवेअरचा. त्यामुळे गेल्या वीस वर्षांत पान्याला फारसा हात लागलेला नाही. तरीही घरात काही बिघडले की आमच्यातला इंजिनिअर जागा होतो आणि आमच्या सौ. धास्तावतात.

गेल्या जुलैत आम्ही सहकुटुंब स्टुटगार्टहून उल्मला निघालो होतो. ए-८ महामार्गावर ड्राकेनश्टाइनचा चढ लागला आणि तापमानाचा काटा ९०ची खूण सोडून वर सरकू लागला. आम्ही ताबडतोब एसी बंद केला आणि हीटर पूर्ण सोडला. भर उन्हाळ्यात! पण त्यात शास्त्र आहे. हीटरमधून इंजिनाचीच उष्णता आत येते, म्हणजे इंजिनाचा ताप तेवढा कमी होतो. मागच्या सीटवरून आमची नऊ वर्षांची कन्या म्हणाली, "बाबा, आपण इडल्या आहोत का?"

आम्हाला खंडाळ्याचा घाट आठवला. लहानपणी तिथे बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या असलेल्या गाड्या हमखास दिसत. शेजारी पाण्याचा डबा घेतलेला ड्रायव्हर. पण तो घाई करत नसे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडले तर आतले दाबाखालचे पाणी उसळून हात भाजतो, हे त्याला पदवी न घेताही ठाऊक असे.

मुलांनो, पाण्याची ही कटकट मोटारीइतकीच जुनी आहे. १८८८ साली बेर्टा बेंझबाई आपल्या दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेल्या गाडीतून मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गेल्या. इंजिन थंड ठेवणारे पाणी उकळून उडून जाई, म्हणून वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागले. पुढे १९०० साली आपल्या कानश्टाटमध्ये विल्हेल्म मायबाख यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात ८०७० बारीक नळ्या होत्या. नळ्या जितक्या जास्त, तितकी वाऱ्याला पाणी निववायला जागा जास्त.

आमच्या डिझेल गाडीत रेडिएटरच्या जोडीला इंटरकूलरही आहे. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो ना? तसेच टर्बो इंजिनासाठी हवा दाबतो तेव्हा ती तापते. तापलेली हवा विरळ, म्हणजे तिच्यात प्राणवायू कमी. इंटरकूलर तिला थंड करून इंजिनाकडे पाठवतो.

शनिवारी मराठीचा वर्ग सुटल्यावर आम्ही कामाला लागलो. (रविवारी असले काही काढले तर शेजारी खिडकीत येतात, हे आपण सारे जाणतोच.) पहिले काम गाडी थंड होऊ देणे. दुसरे, किल्ली काढून दूर ठेवणे, कारण गाडी बंद असली तरी पंखा आपोआप फिरू शकतो. पुढचा बंपर उतरवला आणि कारण सापडले. एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत मेलेले किडे, पाने आणि उडणाऱ्या म्हाताऱ्या यांची चक्क गादी तयार झाली होती! मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर घेऊन आम्ही दोघा बापलेकींनी ती काढली. ॲल्युमिनियमचे पापुद्रे कागदासारखे पातळ असतात, जोर लावला की वाकतात. कन्येचा हात आमच्यापेक्षा हलका निघाला.

मग इंटरकूलर सोडवला. त्याच्या आत तेलाचा थर होता. आम्ही तेल काढायचे द्रावण ओतले, हलवले आणि बादलीत रिकामे केले. काळेकुट्ट पाणी! बादली उचलून रस्त्याच्या कडेच्या जाळीकडे निघालो.

"बाबा, हे पाणी कुठे जातं?"

"गटारात."

"आणि गटारातून?"

शाळेत त्यांना शिकवले होते की काही ठिकाणी रस्त्यावरचे पाणी शुद्ध न होता सरळ ओढ्याला मिळते. ती ते सांगू लागली. आम्ही दमलो होतो. वर आम्ही इंजिनिअर! "तुला काय कळतं त्यातलं?" असे ओरडलो. ती हातातला ब्रश खाली ठेवून मुकाट्याने घरात गेली.

बादली हातातच राहिली. लहानपणी पुण्यात नदीकाठी टेम्पो धुताना आम्ही तासन् तास बघत असू. पाण्यावर तेलाचे इंद्रधनुष्य पसरे, ते फार छान वाटे. हे पाणी कुठे जाते, असे आम्ही कधी कोणाला विचारले नाही. त्या नदीची आजची अवस्था सुट्टीत गेल्यावर आपण नाक दाबून पाहतो.

रात्री नियम वाचले. घराच्या अंगणात इंजिन धुणे किंवा तेलकट पाणी सोडणे हा इथे गुन्हा ठरू शकतो. मग नकाशा पाहिला. आमचा ओढा नेकार नदीला मिळतो. नेकार मानहाइमला, बेर्टाबाई निघाल्या त्याच गावी, ऱ्हाईनला मिळते. आणि ऱ्हाईनचे पाणी शुद्ध करून पुढे हॉलंडमध्ये लोक पितात.

सकाळी आम्ही कन्येची माफी मागितली. ती म्हणाली, "ठीक आहे. पण 'आबवासर'ला मराठीत काय म्हणतात?" आम्ही म्हणालो, "सांडपाणी." तिने तो शब्द वहीत लिहिला.

बादलीतले पाणी डब्यात बंद करून घातक कचरा घेणाऱ्या केंद्रावर दिले. जाळीला पाणी मारायचे राहिले होते, ते इंजिन धुण्याची परवानगी असलेल्या वॉशिंग सेंटरवर केले. तिथे तेल वेगळे करणारी टाकी असते. पाण्याचा फवारा लांबून आणि हलका मारला. ऑगस्टमध्ये पुन्हा ड्राकेनश्टाइन चढलो. काटा ९०वरून हलला नाही.

तर मुलांनो, तुमच्या घरासमोरच्या जाळीतले पाणी कुठे जाते? आईबाबांना मराठीत विचारा. त्यांना उत्तर आले नाही आणि ते तुमच्यावरच ओरडले, तर एक रात्र थांबा. आम्हालाही एक रात्र लागली.