चाकोरी

आमच्या काजूच्या रानाकडे जाणारी वाट चंदगड तालुक्यातल्या इतर वाटांसारखीच आहे. वैशाखात तिच्यावर जांभ्याची तांबडी धूळ घोट्यापर्यंत येते, आषाढात तीच वाट ओढा होऊन वाहते. पूर्वी इथून बैलगाड्या जायच्या. त्यांच्या लोखंडी धावांनी जमिनीत कोरलेल्या दोन समांतर रेघा म्हणजे चाकोरी. आता ट्रॅक्टर जातात, आणि त्यांच्या चाकांनी ती इतकी खोल नेली आहे की मधली माती बांधासारखी उभी राहिली आहे. चाकोरीबाहेर पडावं, असं आपण सहज म्हणतो. या वाटेवर तशी सोय नाही. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला करवंदीच्या जाळ्या. चाकोरीतूनच जायचं आणि गाडीचं पोट घासू द्यायचं नाही, एवढंच आपल्या हाती.

माझी जिप्सी 1998 ची. हे मॉडेल 1985 च्या डिसेंबरात आलं. शिडीसारखी चेसिस, तिच्याखाली चारही चाकांना पाटे, आणि वर रबराच्या गाद्यांवर ठेवलेली हलकी पत्र्याची बॉडी, अशी तिची रचना. आजच्या बहुतेक मोटारींची बॉडी आणि सांगाडा एकच असतो. जिप्सीत ते दोन वेगळे जीव आहेत, बोल्टांनी बांधलेले. म्हणूनच चेसिस, पाटे, इंजिन यांतल्या कशालाही हात न लावता नुसती बॉडी उचलता येते.

उचलायची कशासाठी, तर मोठ्या टायरसाठी. गाडीचं मूळ टायर 205/70 आर 15, त्याची उंची 668 मिलिमीटर भरते. मला हवं होतं 235/75 आर 15, ते जवळजवळ 734. हा हिशोब मी वहीत कितीदा मांडला असेन! फरक साधारण 65 मिलिमीटरचा, पण आसाला मिळतो त्याचा निम्मा, म्हणजे 33 मिलिमीटर, जेमतेम दोन बोटं. बॉडी कितीही वर घेतली तरी डिफरन्शियल केसभरही वर येत नाही. त्याला वर नेतं ते फक्त टायर. बॉडीची उंची म्हणजे त्या टायरला मडगार्डमध्ये फिरायला करून दिलेली जागा. चाकोरीतल्या बांधावरून पार व्हायला मला ती दोन बोटं पुरेशी होती.

गडहिंग्लजचे मिस्त्री मला आधी म्हणाले, “सर, पाटेच वाढवूया की. एका दिवसाचं काम.” मग तेच चाकाशी उकिडवे बसले, बराच वेळ खाली बघत राहिले, आणि उठून म्हणाले, “नको. पाटे उचलले की प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतोय. म्हातारी गाडी हाय. हाय त्या चालीनं चालू द्या तिला.” मला त्यांचं हे बोलणं फार आवडलं. बॉडी उचलली की इंजिन, गिअरबॉक्स, आस, सगळं वजनदार सामान जिथल्या तिथे खालीच राहतं. वर जातो तो पत्रा आणि आपण. उतारावर गाडी आडवी लावली की याचं मोल कळतं. मी तीन इंचांचा विचार करत होतो. मिस्त्रींनी दोन बोटं वर केली. “दोन इंच बास. बोल्ट जितका लांब, तितका तो वाकायला बघतोय.”

त्यांच्या ओळखीच्या टर्नरने नायलॉनच्या जाड दांड्यातून दोन-दोन इंचांच्या चकत्या कापल्या. लेथवरून सुटणारी नायलॉनची पांढरी साल सोललेल्या शहाळ्यासारखी ओली दिसत होती. कॅनडा-अमेरिकेतले हौशी लोक याच कामाला आइस हॉकीच्या चकत्या वापरतात. एक इंच जाडीचं, तीन इंच व्यासाचं कडक रबर, मधोमध भोक पाडलं की झालं. बोल्ट आम्ही 8.8 चे घेतले. दुकानात त्यांना ‘हायटेन्शन बोल्ट’ म्हणतात. आणि एक हट्ट मी धरला: जुनी रबरंही बदलायची. पंचवीस वर्षं दबलेल्या रबरावर नवी उंची बसवणं मला मान्य नव्हतं.

काम रानातच झालं, फणसाखाली. बॅटरीची तार काढली, सगळे बोल्ट सैल केले, मग डाव्या बाजूचे काढले. उजवीकडचे मात्र दोन-चार आटे धरून ठेवले, म्हणजे बॉडी सरकणार नाही आणि पिळवटणारही नाही. जॅकवर सागवानी ठोकळा ठेवून मिस्त्री एक-एक टिचकी देत होते. पत्रा कुरकुरला. मग बॉडी आणि चेसिस यांच्यामध्ये एक काळी रेघ उमटली, हळूहळू रुंद होत बोटभर झाली, आणि तिच्यातून पलीकडचं ऊन दिसलं.

त्या फटीतून माती गळाली. मी हात पुढे केला. तळहातावर आली ती वाळून खपल्या झालेली तांबडी माती, गवताची काडी, कुठल्याशा बियांचा चुरा. आणि त्याच्याखाली करड्या, बारीक वाळूचा एक थर. ती आमच्याकडची नव्हे. आधीचा मालक गाडी कुठल्या नदीकाठी नेत असेल, कोण जाणे. पावसाळ्यांमागून पावसाळे ती वाळू आमच्या मातीखाली कोरडी बसून राहिली होती. मी ती कागदाच्या पुडीत बांधून खिशात ठेवली. मिस्त्रींनी पाहिलं, पण काही बोलले नाहीत.

बॉडी उचलण्याआधी बोल्ट सोडवताना मागचा डावा बुशाच्या नळीशी गंजून एकजीव झालेला निघाला होता. तेल सोडलं, वाट पाहिली, ठोकलं, पुन्हा तेल सोडलं. पान्याला पाईप लावून मिस्त्रींनी जोर दिला आणि बोल्ट डोक्यापासून तुटला. बाकीचा छिन्नीने आणि करवतीच्या पात्याने काढता काढता सबंध दुपार गेली.

बॉडी वर गेल्यावर खरं निरखण्याचं काम सुरू होतं. स्टिअरिंगचा बॉक्स चेसिसवर, चक्र बॉडीत, आणि दोघांना जोडणारा दांडा मध्ये ताणलेला. त्याच्या दात्यांची पकड पुरेशी उरली आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडी हलवायची नाही. ब्रेकची नळी कुठे ओढली जाते का, क्लचची केबल ताठ झाली का, टाकीत पेट्रोल नेणारा रबरी पाईप पुरतो का? पाईप पुरला नाही, नवा घातला. गिअरचा दांडा दोन इंच बुटका झाल्यासारखा हाताला लागतो. त्याची सवय व्हायला आठवडा गेला.

ही गाडी मी डांबरी रस्त्यावर नेत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेपासून दूर जाणाऱ्या बदलाला मनाई करतं, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. त्यामागचं कारण मला पटतं. मोठ्या टायरवर काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी सहासष्टने धावत असते, ब्रेक मात्र जुन्याच मापाचे. रस्त्यावर समोरून येणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. माझी गरज रानातली, गाडीही रानातलीच.

मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर तिला चाकोरीत उतरवलं. दोन्ही बाजूंना तांबडं पाणी, मध्ये तो बांध. मी पहिल्या गिअरमध्ये, श्वास धरून बसलो होतो. दरवेळी फणसाच्या अलीकडच्या वळणावर खालून खरवडल्याचा आवाज यायचा आणि माझ्या मणक्यापर्यंत पोचायचा. वळण आलं. खालून फक्त ओल्या गवताची सळसळ ऐकू आली. वळण गेलं.

पंधरा दिवसांनी, मिस्त्रींनी बजावल्याप्रमाणे, पाना घेऊन गाडीखाली शिरलो. नवी रबरं दबतात, बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. फटीच्या कडेला ताज्या चिखलाचा पहिला थर बसला होता, अजून ओला. एकेक बोल्ट पाव वळसा घेत गेला. मागच्या डाव्याने अर्धा घेतला.