झेंडूची माळ

खंडेनवमीला यंत्राला माळ घालायची ती नेमकी कुठे, हा प्रश्न भोसरीच्या आमच्या शेडमध्ये पूर्वी कधी पडला नव्हता. 'आमच्या' म्हणायचा मला तसा अधिकार नाही. मी पोरांना मराठी शिकवणारा आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस. दहावीनंतर माझा आणि विज्ञानाचा संबंध सुटला तो सुटलाच. पण माझा थोरला भाऊ त्या शेडमध्ये सदतीस वर्षे प्रेस चालवीत आला आहे. ज्याच्या घरातल्या टॉवेलांनाही मशीनच्या तेलाचा वास येतो, त्याने कारखान्याला परके म्हणू नये.

जुन्या पॉवर प्रेसला माळ घालणे सोपे असे. बाजूला भले मोठे जड फ्लायव्हील; वर्षातून तो एक दिवस ते थांबलेले असे. त्याच्यावर माळ टाकायची, पंचाला कुंकू लावायचे, नारळ फोडायचा, झाले. धाकट्या शेठनी 2024 साली आणलेला सर्वो प्रेस मात्र लग्नातल्या गोदरेजच्या कपाटासारखा चहूबाजूंनी बंद. बाहेर काही फिरत नाही, काही लोंबत नाही. शेवटी कुणीतरी शक्कल लढवून पुढच्या दोन पिवळ्या खांबांना माळ तोरणासारखी बांधली. पूजा झाली. मुहूर्ताचा पहिला नग काढायला शेठनी दोन्ही हातांनी दोन बटणे दाबली, आणि यंत्र ढिम्म हलेना.

थोरल्या शेठांच्या पत्नींनी लगेच नारळाकडे पाहिले. तो वाकडाच फुटला होता.

कंपनीकडून आलेला इंजिनिअर तेवढा हसत होता. त्या दोन खांबांमध्ये न दिसणाऱ्या किरणांचा पडदा असतो. काहीही आड आले, तर यंत्र चालत नाही. झेंडूची फुले आड आली होती. त्याने माळ सोडली आणि प्रेस चालू झाला.

इथे थोडे यंत्राविषयी सांगितले पाहिजे. मला जे दादाकडून कळले, तेवढेच. जुन्या प्रेसमध्ये मोटर फ्लायव्हीलला सतत फिरवत ठेवते. चाकात साठलेला जोर क्लचमधून क्रँकला मिळतो आणि पंच खाली येतो. वेग ठरलेला, चाल ठरलेली. पत्रा पातळ असो की जाड, त्याच्यावर घाव तोच. सर्वोमध्ये फ्लायव्हीलही नाही आणि क्लचही नाही. मोटरच क्रँकला फिरवते, आणि क्रँक या क्षणी कुठे आहे हे तिला सतत कळत असते. त्यामुळे पंच वरून झरझर यावा, पत्र्याला हळूच टेकावा, तळाशी हवा तर क्षणभर थांबावा आणि पुन्हा झटकन वर जावा, असे पडद्यावर आकडे मांडून ठरवता येते. पत्रा कापताना तो तुटला की पंचावरचा दाब एकदम सुटतो आणि सगळा सांगाडा हादरतो. भोसरीतला तो 'धाड्' आवाज त्याचाच. नेमके तिथे वेग कमी केला की आवाजही उतरतो आणि डायही जास्त टिकते. सदतीस वर्षे तो आवाज ऐकून दादाला आता कमी ऐकू येते. आम्ही घरात सगळे ओरडून बोलतो. पाहुण्यांना वाटते, भांडण चालले आहे.

वाकवलेला पत्रा दाब सुटल्यावर थोडा परत उघडतो. नव्वद अंश हवे असतील, तर जरा जास्तच वाकवावे लागते. किती जास्त, हे पत्र्याच्या कडकपणावर. दादा डायखाली कागदाच्या पट्ट्या घालून ते जमवीत असे. एक कागद म्हणजे मिलिमीटरचा साधारण दहावा भाग. हे कागद माझ्याकडून जात: चाचणी परीक्षेचे जुने पेपर. माझ्या विद्यार्थ्यांनी लिहिलेला 'माझा आवडता ऋतू' कित्येक स्कूटरींच्या ब्रॅकेटखाली दबलेला आहे. आता ते काम आकडे करतात. दादाला याचे वाईट वाटेल, अशी माझी, कादंबरीकाराची, खात्री होती. त्याने एकदाही तो विषय काढला नाही.

त्याचे लक्ष भलतीकडेच होते. पूजेचे पेढे वाटून झाल्यावर तो इंजिनिअरपाशी गेला आणि म्हणाला, "खाली येत असताना थांबतो का? मधेच?"

इंजिनिअरने पुठ्ठ्याची सुरळी केली, प्रेस सोडला आणि पंच निम्म्यावर असताना सुरळी आत घातली. पंच जागच्या जागी थांबला.

"पुन्हा दाखवा."

त्याने पुन्हा दाखवले.

"अजून एकदा."

तिसऱ्या वेळेस इंजिनिअरचे लक्ष दादाच्या डाव्या हाताकडे गेले असावे. नंतर त्याने दादाने न सांगताच चौथ्यांदाही दाखवले.

दादाच्या डाव्या हाताला तर्जनी आणि मधले बोट नाही. 1996 सालची गोष्ट. मधेच थांबवता येणारे जुने प्रेसही असतात, फ्रिक्शन क्लचचे. पण आमच्याकडचा खटक्याचा होता. पेडल दाबले की खटका चाकाला शाफ्टशी जोडतो, आणि एकदा जोडला की एक फेरी पुरी झाल्याशिवाय सोडत नाही. मग तुम्ही ओरडा, मेन स्विच पाडा, काही करा. डायमध्ये नग अडकला होता, दादाने तो काढायला हात घातला, आणि पाय पेडलवर पडला. धोक्याच्या जागी कुंपण हवे, हे 1948 च्या कारखाना कायद्यात लिहिलेले होते. जाळी होतीही, कोपऱ्यात, भिंतीला टेकवून. जाळी लावली की तासाचे नग कमी होतात, आणि ती काढणाऱ्यांत दादाही एक होता. हे तो स्वतःच सांगतो.

नव्या यंत्रावर सहाऐवजी चार माणसे पुरू लागली. दोघे दुसऱ्या गल्लीत लागले. शेठच्या कर्जाचे हप्ते सुरू झाले, आणि जुना प्रेस विकायची वेळ आली. भंगारात वजनावर गेला, तर पैसे थोडे. चालू स्थितीत गेला, तर बरे येणार. दादा शेठकडे गेला आणि म्हणाला, "भंगारात द्या." सदतीस वर्षांत त्याने मालकाला सांगितलेली बहुधा ही पहिलीच गोष्ट. शेठ वाईट माणूस नव्हे. पण हप्ता त्यांना भरायचा होता. चाकण रस्त्याच्या एका शेडने तो घेतला.

जायच्या आधी दोन रविवार दादा वेल्डिंग करीत बसला. स्वतःच्या पैशाने सळ्या आणून त्याने पुढून आणि दोन्ही बाजूंनी जाळी केली. नग आत सरकवायला पत्र्याची पन्हळ केली, म्हणजे बोटे आत जायला नकोत. टेम्पोत चढवताना त्याने जाळीचे नटबोल्ट पुन्हा एकदा आवळले.

या दसऱ्याला तो सकाळीच स्कूटर काढून तिकडे जाऊन आला. सोने द्यायला, म्हणाला. मी ओरडून विचारले, "जाळी आहे का रे?"

"बाजूच्या आहेत," तो म्हणाला.

मग हात धुवायला गेला. जेवताना त्याने वहिनीला पाना कुठे ठेवला आहे ते विचारले.