जांभळी चंद्रकळा

आमच्या सासर-माहेरात मिळून एकच भांडण आहे आणि ते काळ्या रंगावरून आहे. वाटणीला शेत नाही, वाड्याची भिंत नाही. भांडायला दुसरे काही सापडेना म्हणून दोघांनी हे शोधून काढले असावे, असे मला पुष्कळ दिवस वाटे. एक पक्ष साताऱ्याला, म्हणजे आमचे हे. दुसरा सांगलीला, म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. मध्ये सव्वाशे-एक किलोमीटरचा रस्ता, आणि दर रविवारी सकाळी चहा निवेपर्यंत टेलिफोन.

दोघांजवळ एकाच जातीचा कॅमेरा आहे. लायका एम-८. दादाची हळदीची अडत. मूठभर हळकुंडे हातात घेऊन नुसत्या डोळ्यांनी तो माल कुठला आणि भाव काय ते सांगतो. अशा माणसाने रंगात चुकणारा कॅमेरा घ्यावा हेच मुळी नवल! पण त्याने तो २००७ साली परदेशातल्या एका नातलगाकडून मागवला. अमेरिकेत त्याची किंमत तेव्हा ४८०० डॉलरच्या घरात होती. रुपयांत किती झाले ते वहिनींना अजून कुणी सांगितलेले नाही. ह्यांनी घेतला तो २०१० मध्ये, वापरलेला. आदल्या वर्षी त्याच कंपनीचा एम-९ निघाला होता आणि जुन्याचा भाव उतरला होता.

रेंजफाइंडर म्हणजे काय, हे मला त्या वर्षी कळले. मी चित्रकलेची मास्तरीण. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पुढे चित्रकलेच्या परीक्षा तेवढ्या दिल्या. यंत्रांशी माझे जमत नाही. पण हे यंत्र मला आवडले. इतर चांगल्या कॅमेऱ्यांत माणूस भिंगातून पाहतो, ह्यात शेजारच्या लहानशा खिडकीतून. खिडकीच्या मधोमध एक उजळ चौकोन असतो आणि त्यात समोरच्या वस्तूची दोन चित्रे दिसतात, एक खरे आणि एक त्याचे भूत. भिंगाची कडी फिरवीत जायचे. भूत सरकत सरकत खऱ्यावर येऊन बसले की नेम जुळला. जर्मनीतल्या वेट्झलार गावी ऑस्कर बार्नाक नावाच्या कारागिराने सिनेमाची फिल्म वापरून खिशात मावणारा कॅमेरा बनवला. तो १९२५ साली बाजारात आला; दोन चित्रे जुळवण्याची सोय त्यात पुढे झाली. एम घराण्याचा पहिला, एम-३, १९५४ चा. तिथून बावन्न वर्षे ह्या घराण्याने फिल्मवर काढली. मग सप्टेंबर २००६ मध्ये एम-८ आला. फिल्मच्या जागी सेन्सर घेऊन. एप्सन कंपनीने त्याआधी दोन वर्षे असा एक प्रयोग केला होता, पण घराण्याची गोष्ट वेगळी. लोकांनी घरातल्या मुलाचे बारसे असावे तसे त्याचे स्वागत केले.

आणि दोनच महिन्यांत ओरड सुरू झाली. काळे कोट जांभळे येतात! लग्नातला नवरामुलगा वाइनच्या रंगाचा कोट घालून उभा. प्रखर दिव्याच्या बाजूला फोटोत पट्टे. पट्ट्यांचे काम सोपे होते. कंपनीने पहिले पहिले कॅमेरे परत बोलावून दुरुस्त करून दिले. काळ्याचे काम मात्र दुरुस्तीतले नव्हते.

दादाने मला ते एकदा हळकुंडे मांडून समजावले होते. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सेन्सरला दिसतात. म्हणून सगळ्याच डिजिटल कॅमेऱ्यांत सेन्सरपुढे ते अडवणारी काच बसवतात. पण रेंजफाइंडरचे भिंग सेन्सरच्या अगदी जवळ बसते, कडेचे किरण फार तिरके येतात, आणि जाड काचेतून तिरके आलेले किरण चित्राच्या कडा बिघडवतात. तेव्हा कंपनीने काच पातळ ठेवली. चित्र कडेपर्यंत स्वच्छ झाले, पण अवरक्त किरण आत झिरपले. कृत्रिम धाग्याचे पुष्कळसे काळे कापड हे किरण परत फेकते. आपल्याला काळे दिसते ते कॅमेऱ्याला तसे दिसत नाही; तो त्याला जांभळे करतो. पिवळ्या बल्बच्या उजेडात तर फारच, कारण त्या उजेडात हे किरण भरपूर.

कंपनीने दोष मान्य केला आणि प्रत्येक मालकाला भिंगापुढे लावायचे दोन फिल्टर फुकट देऊ केले. फिल्टर लावावा तर रुंद भिंगाच्या फोटोत कोपरे निळसर-हिरवे पडू लागले. ते सुधारायचे तर कॅमेऱ्याला कोणते भिंग लावले ते कळायला हवे, आणि त्यासाठी भिंगाच्या कडीवर सहा खुणा, काळ्या आणि पांढऱ्या. जगभरच्या हौशी मंडळींनी ह्या खुणा पेनने स्वतःच काढल्या. दादानेही काढल्या. मी सांगलीला गेले असता त्याने माझ्याकडून त्या नीट करून घेतल्या. माझ्या मास्तरकीचा आमच्या घराला झालेला हा एकुलता एक उपयोग.

रविवारचा वाद ह्यावर चाले.

“इतके पैसे मोजल्यावर काळे काळे दिसू नये? भिंगावर भिंग लावा, वर खुणा करा! हा कॅमेरा की सत्यनारायणाची पूजा?” हे म्हणत.

“जावईबुवा, पातळ काच मुद्दाम ठेवली आहे. कडा पाहा, कडा! एक फिल्टर लावायला तुमचे हात मोडतात?”

“मग डबीवर तसे आधी छापायचे होते, दादा.”

ह्याला दादाजवळ उत्तर नसे. तेव्हा तो एम-९ ची गोष्ट काढी. एम-९ ला पुढे फिल्टर लागत नाही, पण पुढे त्याच्या सेन्सरवरची काच गंजू लागल्याचे दिसले आणि ते सेन्सर कंपनीला बदलून द्यावे लागले. “पाहिलेत? एक दोष काढायला जावे तर दुसरा येतो.” ह्यांना हे आपल्याच बाजूचे वाटे, त्याला त्याच्या. गंमत अशी की एवढी तक्रार करून ह्यांनी तो कॅमेरा विकायचे नाव काढले नाही, आणि एवढी तरफदारी करणारा दादा घरात फिल्टरशिवाय झाकण उघडत नसे.

आता चंद्रकळेकडे येते. बाबांनी आईला संक्रांतीसाठी एक काळे लुगडे आणले होते. टेरिलीन-नायलॉनचे दिवस होते. इस्त्री लागत नाही ह्याचेच कौतुक. तांबडे काठ आणि काळे अंग. आई तिला चंद्रकळाच म्हणे, आणि आम्हीही. बाबा गेले तेव्हा तिने ती ट्रंकेत ठेवली. कुणी नेसू नको म्हटले नव्हते. काही गोष्टी न सांगताच पाळल्या जातात. दर जानेवारीत ती सुनेला स्वतःच्या हाताने हलव्याचे दागिने घालून द्यायची आणि हळदीकुंकवाच्या वेळी स्वयंपाकघरात तीळ निवडीत बसायची.

२०१३ च्या संक्रांतीला वहिनींनी ते मोडले. दोन महिने त्या आईच्या मागे होत्या. कशाने पटवले ते मला अजून सांगत नाहीत. आम्ही साताऱ्याहून गेलो होतो. दुपारभर गच्चीवर दोन्ही पक्ष भांडत होते. दादा म्हणाला, उन्हात फिल्टर नसला तरी चालतो. हे म्हणाले, मुळीच नाही. पैज लागली, ह्यांनी भिंगावरचा फिल्टर काढला, वहिनींच्या काळ्या साडीचे दोन फोटो घेतले, आणि फिल्टर सदऱ्याच्या खिशात टाकून चहाला खाली आले. पैज कुणी जिंकली ते ठरले नाही. खाली आल्यावरही तेच चालले होते.

तेवढ्यात माजघरात आई आली. चंद्रकळा नेसलेली. बाहेरच्या बायका अजून यायच्या होत्या. वरचा पिवळा बल्ब लावलेला. मी कोपऱ्यातला कॅमेरा उचलला, कारण ह्यांना हाक मारली असती तर ती आत पळाली असती. चौकोनात दोन आया दिसत होत्या. मी कडी फिरवली. चष्म्याची कडा चष्म्याच्या कडेवर आली, दोघींची एक झाली, आणि मी कळ दाबली. “पुरे,” ती म्हणाली. एकच फोटो.

फिल्टर ह्यांच्या खिशातच होता. कॅमेऱ्यापेक्षा खिशाकडे बोट दाखवणे मला जास्त न्याय्य वाटते, आणि त्या खिशाइतकेच माझ्याकडे. भिंगाचे तोंड एकदा पाहायला काय झाले होते?

फोटो फार चांगला आला होता. आईच्या चेहऱ्यावर जे होते ते मी कधीच कागदावर काढू शकले नसते. फक्त लुगडे जांभळे. पिकल्या जांभळाचा ऐन रंग.

दादाने ते संगणकावर काळे करायला घेतले, तर आई म्हणाली, “राहू दे. जांभळीच बरी.” आणि हळूच मला म्हणाली, “भावकीत दाखवायला हरकत नाही आता.”

मला हसू आले. वहिनींना नाही आले. रात्री भांडी आवरताना त्या म्हणाल्या, “वन्सं, मी त्यांना काळी नेसवली होती हो.” मी काहीच बोलले नाही. काय बोलणार? वर्गात पोरे कावळा जांभळा रंगवतात तेव्हा मी पाठ थोपटते. इथे एका बाईने दोन महिने खपून जे घडवले होते, ते ह्या रंगाने पुसून टाकले होते, आणि जिच्यासाठी घडवले तिलाच त्याने सुटल्यासारखे वाटत होते. त्या फोटोची एक प्रत मी साताऱ्याला आणली, जांभळीच.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला. आमच्या साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णेला पोटात घेऊन जाणारी हीच नदी. इकडे आम्ही संगमावर दिवे सोडतो, तिकडे ती माझ्या माहेरच्या उंबऱ्याशी जाते. त्या वर्षी ती उंबरा ओलांडून आत गेली. गावभागातले घर पाण्यात. दादाचा संगणक गेला, त्यातले सगळे फोटो गेले, आणि ट्रंक चिखलाने भरली. चंद्रकळा नायलॉनची, कुजली नाही, पण इतर कपड्यांबरोबर वाळत टाकताना ती कुणाच्या हातून उकिरड्यावर गेली ते कळले नाही. आईने विचारलेही नाही.

गेल्या उन्हाळ्यात आई महिनाभर माझ्याकडे होती. वय चौऱ्याऐंशी. भिंतीवरच्या फोटोपुढे ती उभी राहिली. माझ्या मुलीने कौतुकाने विचारले, “आजी, ही जांभळी साडी कुठे आहे गं?”

आई बराच वेळ फोटोकडे पाहत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “जांभळी कधी होती? काळी होती. ह्यांनी आणलेली. काळी कर ती.”

“भावकीचे काय?” मी विचारले.

“भावकीत आता राहिलेय कोण?”

मी सांगलीला टेलिफोन केला. दादा वहिनींना घेऊन रविवारी आला. मग बाहेरच्या खोलीत दोन्ही पक्ष जुंपले. दादाचे म्हणणे, फोटो स्कॅन करून तेवढा जांभळा रंग निवडावा आणि काढून टाकावा. हे म्हणाले, तसे केल्यास ओठ मेल्यासारखे दिसतील. सगळा फोटोच कृष्णधवल करावा, हा कॅमेरा कृष्णधवलात अजोड आहे. इतक्या वर्षांत ह्यांच्या तोंडून कॅमेऱ्याची ही पहिली स्तुती. दादा त्यावर म्हणाला, “मग काठ? काठ तांबडे होते की नाही?” आणि प्रकरण पुन्हा पातळ काचेवर गेले.

मी फोटो चौकटीतून काढून स्वयंपाकघरात आणला. शाळेतली काळी शाई, दोन नंबरचा ब्रश, बशीत पाणी. शाई एकदम लावली तर लुगड्याच्या चुण्या बुजतात. पातळ करून एकावर एक हात द्यावे लागतात आणि प्रत्येक हात वाळू द्यावा लागतो. वहिनी समोर येऊन बसल्या. आई माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती.

“काठ सोड हो,” ती म्हणाली.

“सोडलाय.”

“आणि इथे, खांद्यावर, अजून थोडी दे. बल्बचा उजेड पडलाय तिथे.”