पद्मिनीला हळद लागली

म्हाताऱ्या माणसाची चौकशी आणि जुन्या मोटारीची चौकशी आपल्याकडे एकाच सुरात करतात. "अजून हिंडणं-फिरणं होतं का हो?" असे कुणी मला जिन्यात विचारले, की माझी मोठी पंचाईत होते. विचारणाऱ्याचा रोख आमच्या अण्णांकडे आहे की खाली उभ्या असलेल्या आमच्या फियाटकडे, हे चटकन उमगत नाही. पण आता मी एक उत्तर पाठ करून ठेवले आहे, आणि ते दोघांनाही चालते. "होतं की! फक्त सकाळी अंग तापायला जरा वेळ लागतो."

आम्ही सूसला राहतो. पाषाणच्या पुढे चढ चढून खिंड ओलांडली, की सूस. मुळशी तालुक्यातले हे गाव २०२१ साली पुणे महापालिकेत आले. गाव शहरात आले, इमारती आल्या, लिफ्ट आल्या. आमच्या सोसायटीचे पाणी मात्र बोअरचे आणि टँकरचेच राहिले. या पाण्याचा आणि माझ्या गोष्टीचा निकटचा संबंध आहे, म्हणून ते आधीच सांगून ठेवतो.

गाडी अण्णांची. १९८७ सालची प्रीमियर पद्मिनी. मारुती रस्त्यावर येऊन तेव्हा चार वर्षे होत आली होती आणि आप्तेष्टांनी अण्णांना तीच घ्यायचा आग्रह केला होता. पण अण्णांचे म्हणणे एकच होते, "आपल्या सोलापूरच्या माणसाच्या कारखान्यातली गाडी आहे." सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघू लागली, आणि सत्तरच्या दशकात त्याच गाडीचे नाव पद्मिनी झाले. एक हजार एकोणनव्वद सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर गियर. अण्णांचे माहेरही सोलापूरचे, म्हणजे आजोळ हो! तेव्हा प्रश्नच मिटला.

मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. ती बातमी अण्णांनी दोनदा वाचली, वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाले, "आपली टॅक्सी नाही." एवढेच.

आता माझ्या गुन्ह्याकडे वळतो.

दोन वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात गाडीखाली सकाळी रुपयाएवढा ओला डाग दिसू लागला. गृहिणीला जसा गळका नळ दिसतो, तसा तो मला दिसत होता. आणि गृहस्थ जसा गळक्या नळाकडे दुर्लक्ष करतो, तसे मी करत होतो. रेडिएटरमधले पाणी कमी झाले की तांब्याभर ओतावे आणि निघावे. तेही बोअरचे. आमच्याकडे चहाच्या भांड्याच्या तळाला पांढरा थर धरतो. तोच थर इंजिनाच्या पोटात धरत असेल, हा विचार कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेल्या माझ्या डोक्यात आला नाही.

पुढे डाग रुपयाचा बशीएवढा झाला. तेव्हा एका अनुभवी ड्रायव्हरने मला गुरुमंत्र दिला. "साहेब, दोन चमचे हळद टाका. गळती जागच्या जागी बंद." मी चमचे मोजण्याच्या भानगडीत पडलो नाही. स्वयंपाकघरातला हळदीचा डबाच खाली नेला. आणि आश्चर्य असे, की गळती खरोखरच थांबली! त्या रात्री जेवताना ही म्हणाली, "आमटी पांढरी का, ते तुमच्या पद्मिनीला विचारा. तिला हळद लागली आहे ना!"

मी विजयी मुद्रेने हसलो. अण्णा मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "हळद भोक ओळखत नाही. जिथे अरुंद जागा सापडेल तिथे बसते."

मी ऐकून सोडून दिले. त्याला आणखी एक कारण होते, आणि ते मी घरात कुणाला सांगितले नव्हते. एका भंगार घेणाऱ्याशी माझे बोलणे झाले होते. २०२२ साली जुन्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी सहाशेची पाच हजार झाली, तेव्हाच माझे मन डळमळले होते. वैशाखात गाडी देऊन टाकावी आणि अण्णांना हळूहळू सांगावे, असा माझा बेत होता. पंचाऐंशी वर्षांच्या माणसाला कुठलीही गोष्ट हळूहळू सांगायची असे आपण ठरवतो, तेव्हा ती न सांगायचीच असते.

मे महिन्यात अण्णांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. आठवड्यानंतर डोळा दाखवून आम्ही भर दुपारी परत येत होतो. पाषाणपासून गाड्यांची रांग. पहिला गियर, ब्रेक, पहिला गियर, ब्रेक. चढ अर्धा झाला आणि बॉनेटच्या कडेने वाफ निघू लागली. तिला चक्क पिठल्याचा वास होता.

मी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडले आणि फडके घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच अण्णांनी मागून माझे मनगट धरले. हिरवा चष्मा लावलेले अण्णा दार उघडून कधी उतरले, मला कळलेच नव्हते.

"हात लावू नकोस. कुकरची शिट्टी उतरायच्या आत झाकण उघडतोस का?"

ही उपमा किती नेमकी होती, ते मला मागाहून समजले. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच; इथे उघड्या भांड्यातले पाणी शंभर अंशांच्या दोनेक अंश आधीच उकळते. रेडिएटरचे झाकण स्प्रिंगने दाब धरून ठेवते, म्हणून आतले पाणी शंभरावर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडले, की दाब जातो आणि ते पाणी एकदम उकळून वाफेसकट तोंडावर येते. त्या दिवशी माझे दोन्ही डोळे अण्णांच्या एका डोळ्याने वाचवले.

"आता काय करायचं?"

"काही नाही. थांबायचं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतशील तर हेडला तडा जाईल. गाडी आपली आपण निवते."

आम्ही रस्त्याकडेच्या झाडाच्या सावलीत बसलो. पाऊण तास. बाप-लेक इतका वेळ काही न करता शेजारी बसल्याला किती वर्षे झाली असतील, मी मोजायला गेलो नाही. बऱ्याच वेळाने अण्णा गाडीकडे पाहत म्हणाले, "परवा त्या भंगारवाल्याचा फोन आला होता. तू आंघोळीला गेला होतास."

माझ्या बॉनेटमधून वाफ निघायचीच बाकी राहिली.

"अण्णा, मी सांगणारच होतो."

"सांगितलं नाहीस तरी चालेल. गाडी तुझ्या नावावर आहे. विकायची झाली तर मला विचारू नकोस. पण दुरुस्त करायची झाली तर विचारत जा. मला तेवढंच येतं."

यावर मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही.

दुसऱ्या दिवशी आमचे जुने मिस्त्री आले. त्यांनी आधी ऑइलची पट्टी काढून पाहिली. इंजिनात पाणी उतरले असते, तर ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले असते. ते काळेभोर होते. "हेड वाचलं," ते म्हणाले, आणि अण्णांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. हेडला तडा गेला असता, तर भंगारवाल्याचेच खरे झाले असते.

मग थर्मोस्टॅटची परीक्षा झाली. ही पितळेची चिमुकली वस्तू. पाणी गार असेल तोवर रेडिएटरची वाट बंद ठेवते आणि तापले की उघडते. मिस्त्रींनी ती आमच्या स्वयंपाकघरात पातेल्यात उकळली. पाणी खळखळले, तरी तिने तोंड उघडले नाही. आमची ही म्हणाली, "घरातल्या काही माणसांसारखीच आहे." तिचा रोख माझ्याकडे होता, हे सांगायला नकोच.

रेडिएटर उतरवून कारागिराकडे नेला. त्याने वरची टाकी उघडली, आत डोकावला आणि मला विचारले, "साहेब, गाडी चालवता की पिठलं करता?" निम्म्या नळ्या हळद आणि क्षार यांच्या लुकणाने बुजल्या होत्या. त्याने एकेका नळीतून पोलादी पट्टी फिरवली, गळणारा सांधा झाळला आणि टाकी परत बसवली. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे, म्हणून ते उघडता येतात आणि पुन्हा झाळता येतात. नव्या गाड्यांच्या ॲल्युमिनियम-प्लॅस्टिकच्या रेडिएटरला ते भाग्य क्वचितच लाभते; बहुधा ते बदलावेच लागतात.

होसपाइप, फॅनबेल्ट आणि थर्मोस्टॅट मी नाना पेठेतून आणले. सगळे मिळून, मजुरीसकट, बिल झाले चार हजार दोनशे रुपये. त्यात ज्या सांध्यापासून रामायण सुरू झाले, तो झाळण्याचे दोनशे. दोनशे रुपये वाचवण्यासाठी मी आधी हळदीचा डबा घालवला, मग चार हजार, आणि थोडक्यात बापाची गाडी.

तेव्हापासून आमचा रविवार ठरलेला आहे. गाडी गार असताना झाकण उघडून पाणी पाहायचे. पाणी म्हणजे आता बाटलीतले शुद्ध पाणी आणि कूलंट, बोअरचा थेंब नाही. फॅनबेल्ट मधोमध अंगठ्याने दाबून पाहायचा. अर्धा इंच दबला तर ठीक, जास्त दबला तर सैल. याच पट्ट्यावर पंखा फिरतो, पाण्याचा पंप फिरतो. तो तुटला तर सगळेच थांबते. होसपाइप पिळून पाहायचे. मऊ पडले किंवा भेगाळले, की बदलायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रोज सकाळी गाडीखाली वाकून जमीन पाहायची. या सगळ्याला पैसे जवळजवळ लागत नाहीत, लक्ष लागते. जुन्या गाडीला महाग पडते ते आपले दुर्लक्ष.

अण्णा आता खाली येत नाहीत; गुडघे नको म्हणतात. ते गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. सूनबाईने तीनदा मारलेली जेवणाची हाक त्यांना ऐकू येत नाही, पण मी खाली इंजिन सुरू केले, की वरून आवाज येतो, "अरे, तिसरं टॅपेट वाजतंय!" मिस्त्री पाहतात, तर तिसरेच असते. कधी कधी मला टॅपेटचा आवाज मुळीच ऐकू येत नाही. तरी मी मुद्दाम खालून विचारतो, "अण्णा, जरा ऐका हो, कसलं वाजतंय?"

फेरनोंदणीचा कागद २०२७ पर्यंतचा आहे. परवा दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालताना मी तो अण्णांना दाखवला. त्यांनी तारीख नीट वाचली, कागद परत दिला आणि म्हणाले, "चला, तिची सोय झाली."

पाडव्याला त्यांना उचलून खाली आणायचे आणि गाडीतून सूसखिंडीपर्यंत फिरवून आणायचे ठरवले आहे. त्या झाडापाशी थांबू म्हणतो. या वेळी गाडी तापलेली नसली तरी.