मागचा बाक

पंधराएक वर्षांपूर्वी, शिरोड्यात, आम्ही पाचवीला श्रुतलेखन घालत होतो. उतारा अर्थातच १९३० सालच्या येथील मिठाच्या सत्याग्रहाचा. मिठागरावर राबणाऱ्या घरातून वसतिगृहात आलेल्या एका मुलाने ‘तत्याग्रह’ लिहिले. वर्ग हसला, आम्हीही हसलो. हाक मारली तरी तो वळत नाही, म्हणून त्याला उद्धट ठरवून मागच्या बाकावर धाडले. बाबासाहेबांना वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागले, हे दर १४ एप्रिलला सांगणारे आम्हीच!

फळ्यावरचे मात्र तो बिनचूक उतरवी. हे प्रथम ध्यानी आले ते वसतिगृहाच्या ताईंच्या. त्यांच्या आग्रहाने आम्ही त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी कानाच्या डॉक्टरांकडे नेले. पडदा निर्दोष होता. डॉक्टरांनी शेजारच्या खोलीत ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञ बाईंकडे पाठवले. त्या यंत्र विकणाऱ्या असाव्यात, असा आमचा समज.

त्यांनी त्याला बंद खोलीत बसवून २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकवले व आलेख काढला. जाडे स्वर त्याला ऐकू येत, बारीक येत नसत. आणि ‘स’, ‘श’ यांचा जोर बारीक स्वरांतच असतो. “आवाज येता, पण शब्द कळणत नाय,” तो म्हणाला. बाईंनी मान डोलावली, आम्ही खाली घातली.

विचारल्यावर कळले की, ही चार वर्षांची पदवी, त्यात अखेरचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे. पुढे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी. म्हैसूरची संस्था १९६५ची, वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ची. इतिहासाचे एम. ए. असूनही या सनावळ्या आम्हांस ठाऊक नव्हत्या.

औषध व शस्त्रक्रिया डॉक्टरांची. ऐकणे मोजणे, कानाचा साचा घेणे, ज्या स्वराला जेवढी उणीव तेवढाच आवाज वाढेल असे श्रवणयंत्र जुळवणे हे यांचे काम. यंत्र बसवले की काम संपत नाही. मूल काय ऐकते हे पाहून ते पुनःपुन्हा जुळवावे लागते. नवजात बाळाचीही तपासणी होते, हे पालकांनी विशेष लक्षात घ्यावे.

निघताना बाई आम्हांस म्हणाल्या, “सर, त्याला पुढे बसवा आणि त्याच्याकडे तोंड करून बोला.”

बाक दुसऱ्याच दिवशी बदलला. फळ्याकडे तोंड करून बोलण्याची आमची सवय सुटायला मात्र दोन सत्रे लागली.