इज्जतीचा पडदा

दारू हराम आहे, हे आपल्यात लहान मुलालाही ठाऊक असते. म्हणूनच ज्या घरात ती शिरते, त्या घराची पहिली धडपड असते ती लपवण्याची. इलाजाचा विचार पुष्कळदा काही वर्षांनी येतो.

आमच्या चुलतभावाच्या घरी हेच घडले. तो कामावर गेला नाही की चाची मालकाला निरोप पाठवी, "त्याला पित्त झालंय." उधारी वाढली की बांगडी मोडून ती फेडी. चाचा रागाने त्याला घराबाहेर काढीत, चाची मागच्या दाराने आत घेई. मग कुरआन शरीफवर हात ठेवून कसम घ्यायला लावली. चौथ्या दिवशी ती मोडली. आता गुन्हेगार झालोच आहोत, या समजुतीने तो अधिकच पिऊ लागला. शेवटी बुजुर्गांनी नेहमीचा तोडगा सांगितला, "निकाह लावून द्या, सुधारेल." एका गरीब घरची मुलगी औषधाच्या पुडीसारखी या घरात आणली गेली.

पुढे त्याची मुलगी आमच्याच शाळेत येऊ लागली. दाराबाहेर अब्बांच्या चपला सरळ असतील तर ती घरात जाई. विखुरलेल्या असतील तर दप्तरासकट आमच्याकडे येई. सात वर्षांच्या पोरीला कुणी न शिकवता आलेले हे शहाणपण!

पडदा दूर केला तो भाभींनी. सगळ्यांसमोर त्या चाचीला म्हणाल्या, "अम्मी, आजपासून मी खोटा निरोप देणार नाही, पैसाही देणार नाही. जेवण मात्र वाढीन. दवाखान्यात यायला तयार झाले तर सोबत जाईन." चाची महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पण झाकणारे कुणी उरले नाही, तेव्हा भाऊ स्वतःच डॉक्टरांकडे चला म्हणाला. खूप दिवसांची दारू एकदम तोडली तर फिट येते, भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. मुलाला खोलीत कोंडून दारू सोडवू पाहणाऱ्या घरांना हे माहीत नसते.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली 'मुक्तांगण' सुरू केले. तिथे रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे. व्यसन एकाचे असले तरी आजारी सारे घर पडते, हे त्यामागचे साधे सत्य.

आपला दीनही माणसाचा स्वभाव ओळखतो. शराबबंदी एका दिवसात आली नाही. सूरह बकरामध्ये फायद्याहून गुनाह मोठा असल्याचे सांगितले, सूरह निसामध्ये नशेत नमाजजवळ जाण्यास मनाई झाली आणि सूरह माइदामध्ये पूर्ण बंदी आली. मग एका कसमेत सारे आटोपावे, असा हट्ट आपण का धरावा?

भाऊ मध्यंतरी एकदा घसरला. भाभींनी त्याच संध्याकाळी डॉक्टरांना कळवले. आकांत नाही, लपवाछपवीही नाही. तो पुन्हा सावरला. आता मोहल्ल्यात कुणी अशा मुलाचा निकाह सुचवू लागले, की चाचीच आधी विचारतात, "डॉक्टरांना दाखवलं का?"